त्या दिवशी त्याने तिला ताई म्हटलं नाही

पत्र:

आम्ही पंचवीस वर्षं न्यू जर्सीत आहोत. मुलगी २२ वर्षांची. मे महिन्यात पदवी घेतली, जर्सी सिटीत नोकरी करते, डोक्यावर २८ हजार डॉलरचं शैक्षणिक कर्ज आहे. मुलगा १९ वर्षांचा, टेक्सासमध्ये इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मुलगी पक्की लिबरल. मुलगा, कसं सांगू, दोन वर्षांत अगदी सनातनी होऊन गेलाय. यंदा दिवाळीच्या आदल्या शनिवारी दोघं घरी होते, म्हणून त्याच दिवशी फराळाला बसलो. कर्जमाफीवरून सुरू झालं. तो म्हणाला, "माझ्या रूममेटचे बाबा लोकांचे एसी दुरुस्त करतात, त्यांनी तुझं कर्ज का फेडायचं?" तिने त्याला फॅसिस्ट म्हटलं. त्याने तिला कम्युनिस्ट म्हटलं, आणि जन्मात पहिल्यांदा ताई न म्हणता नुसतं नाव घेतलं. तेव्हापासून बोलणं बंद आहे. ह्यांनी नियम केलाय, जेवणाच्या टेबलावर राजकारण नको. सप्टेंबरमध्ये चार्ली कर्कला मारलं त्या रात्री मुलाचा रडत फोन आला होता, तेव्हापासून मला वेगळीच भीती वाटते. मुलीने ह्यूस्टनची चांगली नोकरी सोडली, टेक्सासला पाय ठेवणार नाही म्हणते. थँक्सगिव्हिंगसाठी तो मंगळवारी रात्री नूअर्कला उतरतोय. मी कायम मधेच उभी राहिले. इथे आले तेव्हा व्हिसामुळे सात वर्षं काम करता आलं नाही, तेव्हाही गप्प बसले. २०१६ पासून मत देते, पण कोणाला ते घरात कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आमचं कुठे चुकलं? मुलाला कसं सावरू?
— एक आई, एडिसन

उत्तर:

नमस्कार.

तुम्ही कर्जमाफीच्या भांडणाबद्दल लिहिलंय, पण माझं मन अडकलं ते तुम्ही ओझरत्या लिहिलेल्या एका ओळीत. त्या रात्री मुलाचा रडत फोन आला होता. आधी त्याबद्दलच बोलू.

१० सप्टेंबर २०२५ ला युटा व्हॅली विद्यापीठाच्या आवारात चार्ली कर्क विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत होते, तेव्हा त्यांना गोळी घातली गेली. वय ३१. तुमच्या-माझ्या वयाच्या पुष्कळांना हे नाव त्या दिवशीच कळलं. तुमच्या मुलाच्या पिढीचं तसं नाही. २०१२ साली, स्वतः अठरा वर्षांचे असताना, त्यांनी टर्निंग पॉइंट यूएसए ही तरुण कन्झर्व्हेटिव्हांची संघटना काढली आणि पुढे कॉलेजा-कॉलेजांत फिरत राहिले. एक तंबू, एक माइक, समोर वाद घालायला आलेल्या मुलांची रांग. असंख्य पोरांनी शाळेत असल्यापासून हे व्हिडिओ पाहिलेत. त्यांची कितीतरी मतं मला पटत नव्हती, काही तर फार लागायची. पण तुमच्या मुलाने त्या दिवशी, वर्षानुवर्षं ज्याचं बोलणं ऐकलं त्या माणसाचं मरण फोनच्या पडद्यावर पाहिलं असणार, तेही पुन्हा पुन्हा. त्याने तुम्हाला फोन केला. बहिणीला केला होता का? तिने त्याला केला का? हे तुमच्या पत्रात नाही. मला वाटतं भांडणाचं मूळ तिथे शोधावं.

आता मुलीकडे बघा. २४ जून २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य करणारा १९७३ चा रो विरुद्ध वेड निकाल फिरवला, तेव्हा तिला शाळेतून बाहेर पडून जेमतेम वर्ष झालं होतं. त्याच ऑगस्टपासून टेक्सासमध्ये गर्भपातावर जवळपास संपूर्ण बंदी आली. तिने ह्यूस्टनची नोकरी सोडली तो हट्ट नव्हता. उद्या लग्न झालं, दिवस गेले आणि काही बिघडलं, तर डॉक्टर काय करतील आणि काय करायला कचरतील, असा हिशेब बावीस वर्षांची मुलगी मनात करत असते. तिचा भाऊ मात्र शिकायला नेमका तिथेच गेला. बहुधा त्याने कधीतरी म्हटलंही असेल, "हे ज्या त्या राज्याने ठरवावं." राज्यघटनेच्या दृष्टीने ही विचारपूर्वक घेतलेली भूमिका असू शकते. पण स्वतःच्या शरीराची धास्ती घेतलेल्या बहिणीला त्यातून एवढंच ऐकू येतं, तुझं तू बघ.

दोघांच्याही जिवावर आलेल्या एकेका वेळी दुसरा जवळ नव्हता. हे दुखणं साठत गेलं आणि चकली-करंज्यांच्या ताटापाशी कर्जमाफीच्या निमित्ताने बाहेर आलं. त्याने ताई म्हणणं सोडलं ते यामुळे, असं मला वाटतं.

आणखी पुढे जाण्याआधी माझं सांगते. मी बहुतेक वेळा डेमोक्रॅटिक उमेदवाराला मत देते. हे तुम्हाला माहीत असलेलं बरं, कारण आता मी तुमच्या मुलाची बाजू घेणार आहे.

तुम्ही त्याला सनातनी म्हटलंत. कन्झर्व्हेटिव्हला मराठीत दुसरा शब्द पटकन सापडत नाही हे खरं, पण या शब्दाने तुमची दिशाभूल होतेय. सनातनी म्हटलं की आपल्याला सोवळं-ओवळं आठवतं, विधवाविवाहाला झालेला विरोध आठवतो. अमेरिकेतल्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या मनात यातलं काही नसतं. एखाद्याला सरकार लहान आणि कर कमी हवे असतात. एखाद्याला चर्च आणि कुटुंब सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कोणी म्हणतं वॉशिंग्टनने राज्यांच्या कारभारात हात घालू नये, तर कोणाला बाहेरून येणारा माल आणि बाहेरून येणारी माणसं, दोन्ही कमी हवी असतात. ही मंडळी आपापसांतही कडाडून भांडतात. डिसेंबर २०२४ मध्ये बाहेरच्या कुशल नोकरदारांना मिळणाऱ्या एच-१बी व्हिसावरून ट्रम्प यांच्या समर्थकांतच जुंपली होती. इलॉन मस्क आणि विवेक रामस्वामी व्हिसाच्या बाजूने, आणि बाकी पुष्कळ जण तो बंदच करा म्हणत होते. लिबरल शब्दाचीही तीच गत. आपल्याकडे उदारमतवादी म्हटलं की रानडे-गोखले डोळ्यांपुढे येतात. इथे मात्र १९३० च्या दशकात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी न्यू डील आणल्यापासून तो शब्द वेगळ्या अर्थाने रुळला, म्हणजे अडल्यानडल्याच्या मदतीला सरकारने पुढे यावं असं मानणारा माणूस. तुमचा मुलगा या सगळ्यात नेमका कुठे बसतो, हे तुम्ही त्याला कधी विचारलंय का? "सावरू कसं" असं लिहिलंत त्यावरून वाटतं, तो घसरलाय हे तुम्ही आधीच ठरवून टाकलंय. मुलांना हे बरोबर कळतं हो.

तुमचं कुठेही चुकलेलं नाही. १९६० च्या सप्टेंबरात कनेक्टिकटमधल्या शेरॉन गावी, कन्झर्व्हेटिव्ह लेखक विल्यम बक्ली यांच्या घरी कॉलेजातली मुलं जमली आणि त्यांनी तरुण कन्झर्व्हेटिव्हांचा एक छोटासा जाहीरनामा लिहिला. मसुदा करणारे स्टॅन्टन इव्हान्स २६ वर्षांचे होते. दोनच वर्षांनी मिशिगनमधल्या पोर्ट ह्यूरनला डाव्या विचारांची मुलं जमली. त्यांच्या लांबलचक जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारे टॉम हेडन तेव्हा २२ वर्षांचे होते, म्हणजे बरोबर तुमच्या मुलीच्या वयाचे. त्या मुलांच्या आयांनीही आमचं कुठे चुकलं हा प्रश्न विचारलाच असेल. आणि १८ व्या वर्षी मत देण्याचा हक्क तरी कुठून आला? व्हिएतनामच्या युद्धावर ज्या वयात पाठवता त्या वयात मत का नाही, असं तरुणांनी विचारलं म्हणून १९७१ मध्ये २६ वी घटनादुरुस्ती झाली. या देशात या वयाच्या मुलांनी वाद घालणं नवीन नाही.

नवीन आहे ते वाद शिकण्याचं ठिकाण. आपली मुलं वाद शिकतात मिनिटभराच्या क्लिपमधून. त्यात एक बाजू तयारीची असते, दुसरी गोंधळलेली, आणि वर मथळा असतो की अमक्याने तमक्याला कसं चिरडलं. दोन्हीकडे अशा क्लिप आहेत. समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ द्यायचं असतं, हे त्यात कुठेच दिसत नाही.

मी पेनसिल्व्हेनियातल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये चौदा वर्षं डिबेट क्लब घेतला. तिथे बाजू आपण निवडायची नसते. नाणं उडतं, नाहीतर आधीच ठरलेलं असतं, आणि सकाळी ज्या बाजूने बोललात तिच्या विरुद्ध दुपारी बोलावं लागतं. प्रत्येकाच्या समोर एक लांब कागद असतो, त्यावर उभे रकाने आखलेले. मुलं त्याला फ्लो म्हणतात. दोन रंगांची पेनं घ्यायची, एका रंगाने आपले मुद्दे आणि दुसऱ्याने समोरच्याचे. फेरी संपली की मी आधी तो दुसरा रंग बघायची. तो रकाना रिकामा असला तर मूल कितीही छान बोललेलं असो, त्याने ऐकलेलं नसायचं.

१४ फेब्रुवारी २०१८ ला फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत गोळीबार झाला, १७ जणं गेली. त्यानंतर काही दिवसांनी आमच्या सरावात एका मुलीच्या वाट्याला बंदुकीच्या हक्काची बाजू आली. ती माझ्याकडे रडत आली, "मला हे जमणार नाही." मी म्हटलं, बोलू नकोस, आधी एका माणसाला विचारून ये. आमच्या भागात शिकार घराघरांत आहे. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हरणांच्या शिकारीसाठी कित्येक शाळांना सुट्टी असते. ती वर्गातल्या एका मुलाच्या आईकडे गेली. ती बाई शेतावर राहणारी, वर्षाचं मांस हरणाचं, नवरा ट्रकवर आणि पोलिसांची गाडी यायला पाऊण तास लागणार. मुलगी दोन पानं भरून लिहून घेऊन आली आणि त्या बाजूने नीट बोलली. २४ मार्चला ती बंदुकांवर निर्बंध मागणाऱ्या मोर्चात गेलीच. तिचं मत तसूभरही बदललं नव्हतं. मोर्चासाठी तिने आधीच एक पुठ्ठा रंगवून ठेवला होता, त्यावर लिहिलं होतं, तुम्हाला मुलांपेक्षा बंदुका प्याऱ्या. तो पुठ्ठा तिने उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सतरा नावं लिहिली.

म्हणून म्हणते, तुमच्या ह्यांचा "राजकारण नको" हा नियम मोडा. त्या नियमाने वाद थांबणार नाही, तो दोन फोनमध्ये जाऊन बसेल. आपल्याकडे शास्त्रार्थात पूर्वपक्ष मांडायची रीत होती, तीच घरात आणा. आधी समोरच्याचं म्हणणं आपण मांडायचं, आणि "हो, मला हेच म्हणायचंय" असं तो म्हणेपर्यंत आपल्या उत्तराला हात घालायचा नाही.

कर्जमाफीपासूनच सुरू करा. मुलाला तिची बाजू मांडायला सांगा. त्याने मन लावून शोधलं तर त्याला हे सापडेल: राज्यांनी सरकारी विद्यापीठांना द्यायच्या पैशांत वर्षानुवर्षं हात आखडता घेतला आणि तो बोजा फीवर आला. सतरा-अठरा वर्षांचं पोर ज्या कागदावर सही करतं, ते कर्ज दिवाळं काढूनही सहसा सुटत नाही. धंद्यात बुडालेल्याला कायदा दुसरी संधी देतो, शिकलेल्याला देत नाही. आणि सरकार कोणाचं कर्ज माफच करत नाही असंही नाही. कोविडमध्ये लहानमोठ्या धंद्यांना पीपीपी योजनेतून दिलेली कर्जं बहुतांश माफ झाली. मग माफी फक्त विद्यार्थ्याची निघाली की तत्त्वं कुठून आठवतात, असं तिला म्हणायचंय. आणि एसी दुरुस्त करणाऱ्याची मुलगी कर्ज काढून शिकतेय, तिचं काय, हेही.

मग मुलीने त्याची बाजू मांडावी. या देशात पंचवीस वर्षांवरच्या साठ टक्क्यांहून अधिक लोकांकडे चार वर्षांची पदवी नाही. त्यांच्या करातून पदवीधरांचं कर्ज फेडायचं, आणि पदवीधर पुढे सरासरीने त्यांच्यापेक्षा जास्त कमावणार. ज्याने दोन नोकऱ्या करून कर्ज फेडलं त्याला काहीच मिळणार नाही. फी तशीच राहिली तर दहा वर्षांनी पुन्हा तेवढंच कर्ज उभं राहील. शिवाय ठरवायचं कोणी? बायडन यांच्या योजनेत साधारण कर्जदाराला १० हजार आणि गरीब घरातून पेल अनुदानावर शिकलेल्याला २० हजार डॉलरपर्यंत माफी होती, खर्चाचा अंदाज ४०० अब्ज डॉलरचा. ३० जून २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती ६ विरुद्ध ३ मतांनी रद्द केली, कारण काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, असा अधिकार दिलेलाच नाही. एवढी मोठी रक्कम एका माणसाच्या सहीने माफ होऊ नये, मग तो माणूस आपला असो की त्यांचा, हा मुद्दा तिने मनापासून मांडून बघावा. आज व्हाइट हाउसमध्ये कोण आहे ते आठवलं तर तिला तो फारसा परका वाटणार नाही.

तुमच्या टेबलावर यातलं काही बोललं गेलं? फॅसिस्ट आणि कम्युनिस्ट, दोन शब्दांत सगळं संपलं. तो खरं तर वादच नव्हता.

मुद्दे आधी पाठवायला सांगा, तोंडावर फेकू नयेत. सर्वोच्च न्यायालयातले अँटोनिन स्कालिया कट्टर कन्झर्व्हेटिव्ह आणि रूथ बेडर गिन्सबर्ग ठाम लिबरल. दोघांची घट्ट मैत्री होती, नवं वर्ष दोन्ही कुटुंबं एकत्र साजरं करायची. १९९६ मध्ये व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूट या फक्त मुलांच्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळावा, असा बहुमताचा निकाल गिन्सबर्ग यांनी लिहिला. विरोधात एकटे स्कालिया होते. आपल्या विरोधी निकालपत्राचा मसुदा त्यांनी वेळेआधीच गिन्सबर्ग यांच्या हातात ठेवला, म्हणजे उत्तर द्यायला त्यांना वेळ मिळावा. त्या मसुद्याने माझा शनिवार-रविवार गेला, पण माझा निकाल सुधारला, असं गिन्सबर्ग पुढे सांगायच्या. तुमच्या मुलीने येत्या रविवारपर्यंत भावाला आपले तीन मुद्दे लिहून पाठवावेत. व्हॉट्सअॅपवर चालतील, पण तिच्या स्वतःच्या शब्दांत. कोणाचा व्हिडिओ नको.

एक हद्द मात्र आखा, आणि ती तुम्ही आखा. कोणाच्याही मरणावर या घरात शेरा मारला जाणार नाही. २०२५ च्या जून महिन्यात मिनेसोटाच्या डेमोक्रॅट लोकप्रतिनिधी मेलिसा हॉर्टमन आणि त्यांचे पती यांना त्यांच्याच घरात मारलं गेलं. सप्टेंबरात कर्क गेले. तुमच्या मनातली भीती खोटी नाही. दोघंही मुलं आपापल्या कॉलेज-ऑफिसात उघडपणे मतं बोलतात. हे त्यांना सांगा, तुम्हाला भीती वाटते हे सांगा, लपवू नका.

आता तुमच्याबद्दल. पत्रात नवऱ्याचं मत आहे, मुलीचं आहे, मुलाचं आहे. तुमचं कुठे आहे? सात वर्षं घरी बसले, हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत. ते नशीब नव्हतं, तो नियम होता. नवरा एच-१बीवर आला की बायको एच-४ वर, आणि एच-४ वर काम करायला बंदी. ग्रीन कार्डच्या रांगेतल्या काही जणींना २०१५ च्या मे महिन्यात परवानगी मिळाली, तुमच्यासाठी फार उशिरा. तुमच्या तरुणपणातली सात वर्षं एका धोरणाने खाल्ली, आणि तुम्ही मुलांसमोर म्हणता की मी मधे उभी आहे!

त्यांना आपल्या घराचीच गोष्ट सांगा. १९४६ च्या कायद्याने वर्षाला फक्त १०० भारतीयांना इथे स्थायिक व्हायला मुभा होती. ते दार १९६५ च्या कायद्याने उघडलं. त्यावर सही केली डेमोक्रॅट जॉन्सन यांनी, पण काँग्रेसमध्ये त्याला रिपब्लिकन सदस्यांचं पाठबळ प्रमाणाने डेमोक्रॅट्सपेक्षाही जास्त होतं. तुमच्या ह्यांचा एच-१बी आला १९९० च्या कायद्यातून. तो पुढे रेटला डेमोक्रॅट टेड केनेडींनी आणि सही केली रिपब्लिकन थोरल्या बुश यांनी. दोन्ही मुलं आज बाबांच्या आरोग्यविम्यात असतील, तर ती २६ व्या वर्षापर्यंत राहू शकतात ती ओबामांच्या २०१० च्या कायद्यामुळे. त्या कायद्याला शेवटी एकाही रिपब्लिकनचं मत पडलं नव्हतं, पण २०१७ मध्ये तो मोडायला निघालेल्या रिपब्लिकनांनी ही तरतूद आपल्या विधेयकातही ठेवली. मुलं ऐकतील की नाही सांगता येत नाही, पण आईने हे पहिल्यांदा बोललेलं त्यांच्या लक्षात राहील. आणि कोणाला मत दिलंत तेही सांगा. तुम्ही सांगितलंत म्हणून कोणी घर सोडून जाणार नाही.

गुरुवारच्या टेबलावर हे सगळं एकदम काढू नका. टर्की, पाहुणे, टीव्हीवर फुटबॉल, त्यात काही होणार नाही. दुपारी दोघांना फिरायला पाठवा नाहीतर शुक्रवारी सकाळी चहाला बसा. आणि सुरुवात कर्जमाफीने व्हायला नको. मुलीला आधी एकटीला गाठा आणि त्या १० सप्टेंबरच्या फोनबद्दल सांगा. तिला ते माहीत नसेल, अशी माझी अटकळ आहे. माहीत असेल तर ती का बोलली नाही ते ऐकून घ्या, तिचंही काही कारण असेल. मुलालाही विचारा, ताईने ह्यूस्टनची नोकरी का सोडली हे तू तिला कधी विचारलंस का?

तो मंगळवारी रात्री नूअर्कला उतरतोय. त्याला आणायला तुम्ही दोघं जाऊ नका. गाडीची किल्ली तिच्या हातात द्या.